तुतीतले खिळे

भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक लाकडावरून आधी चुंबक फिरवायचा, हा आमच्या बेकरीचा नियम. नियम अर्थात ह्यांचा. आमच्या घरातले सगळे नियम ह्यांचेच, पाळायचे मात्र मी. चुंबक म्हणजे जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं काळं, जड कडं. त्याला सुतळी बांधून तो भट्टीच्या दाराशेजारी खुंटीवर टांगलेला असतो. लाकूड ठोकळ्यावर ठेवायचं, सुतळी धरून चुंबक त्याच्या अंगावरून सावकाश न्यायचा. आत लोखंड असेल तर सुतळी तिरकी होते आणि चुंबक टक्कन चिकटतो. मग ते लाकूड बाजूला. जळण म्हणून येणारी लाकडं कुठली कुठली असतात. कुंपणाचे खांब, मोडक्या चौकटी, पाट्या ठोकून ठोकून भोकं पडलेली रस्त्याकडेची झाडं. वरून बघाल तर साल गुळगुळीत, आणि आत बोटभर खोल खिळा. झाड लोखंड गिळतं आणि वर साल ओढून घेतं. भट्टीत लाकूड जळून जातं, खिळा उरतो, आणि कधीतरी पावाच्या बुडाला चिकटून बाहेर येतो. पलीकडच्या गल्लीतली बेकरी अशाच एका खिळ्यापायी बंद पडली. गिऱ्हाइकाचा दात तुटला, नंतर तिकडे कुणी फिरकेना.

म्हणून आमच्याकडे लाकडावर चुंबक आणि राख चाळतानाही चुंबक.

एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या परसातल्या झाडात मात्र संसार सुरू झाल्यापासून खिळे ठोकत आला. त्याचं असं आहे, आमच्या ह्यांना राग येतो. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. ओठ घट्ट मिटायचे, कानशिलावरची शीर उडायला लागायची, आणि हे फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायचे. त्यात चार बोटं लांबीचे खिळे. एक खिळा, हातोडा, मागचं दार, आणि दाराबाहेर तुतीचं झाड. ठक्, ठक्, ठक्. खिळ्याचं डोकं सालीला टेकेपर्यंत. मग आत येऊन हात धुवायचे आणि पीठ मळायला लागायचे. चेहरा असा, की विचारायची सोय नाही.

शेजारणी म्हणायच्या, देवमाणूस आहे हो तुमचा नवरा, बायकोवर, पोरीवर कधी हात उगारला नाही. ऐकून ऐकून माझे कान किटले. खरंच होतं, कधी बोटसुद्धा लावलं नाही. मी मूग गिळून गप्प बसायचे. तक्रार तरी काय सांगणार? माझा नवरा झाडाला मारतो?

आमची एकुलती एक लेक बेबी. लहानपणी हे मागे गेले की ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. बाहेर ठोका पडला की तिचे खांदे वर जायचे. आवाज थांबला की म्हणायची, "आई, टोचतंय."

"कुठे गं?"

"इथे."

एकदा खांद्यात, एकदा बरगडीखाली, एकदा गुडघ्यामागे. मी तेल लावायचे, गरम फडक्याने शेकायचे. डॉक्टर झाले, एक्स-रे झाले. एक्स-रेत हाडं अगदी स्वच्छ. एक म्हणाले, वाढतं वय आहे. दुसऱ्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे. हे म्हणायचे, "नाटकं आहेत सगळी." पुढे पुढे तर तिला हाकच तशी मारायचे. शाळेतून आली की, "आली का नाटककंपनी?" स्वतःच हसायचे. बेबी दप्तर ठेवून सरळ भट्टीजवळ जाऊन बसायची. ऊब लागली की तिला बरं वाटायचं.

शिकली, नोकरी लागली आणि जी परगावी गेली ती सणासमारंभापुरतीही येईनाशी झाली. फोन करायची. कधी कधी भलत्या वेळी, भर दुपारी. "आई, आत्ता बाबा चिडले होते का?"

मी विचारायचे, तुला कसं कळलं?

"असंच," म्हणायची आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागायची. मला वाटायचं, पोरीला बापाचा स्वभाव पाठ आहे.

यंदा तुती वाळली. एकही पान फुटलं नाही. ह्यांनी फर्मान काढलं की झाड पाडायचं आणि भट्टीत घालायचं, चांगलं जळण वाया कशाला? नेमकी त्याच आठवड्यात बेबी आली. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात सोमवारी तिची तपासणी होती. ती वाळली होती, तुतीसारखीच. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होती. पण चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी थोडा उजेड दिसला मला.

"आई, ह्या डॉक्टरीणबाईंनी मला खोटं पाडलं नाही गं. म्हणाल्या, दुखतंय म्हणजे दुखतंय, आपण कारण शोधू. त्यांच्याकडे ते मोठं मशीन आहे. बोगद्यासारखं. आत सरकवतात. सगळा चुंबकच असतो म्हणे तो, खोलीएवढा. अंगावर साधी पिनसुद्धा चालत नाही."

"का बरं?"

"ओढून घेतो ना. शरीरात कुठे लोखंड असलं तर फाडून बाहेर काढेल म्हणाली नर्स. दहादा विचारलं मला. मी म्हटलं, माझ्या अंगात काय असणार? साधे टाके पडले नाहीत कधी."

आतून ह्यांचा आवाज आला, "बोगद्यात जाऊन नाटक करणार म्हणा की." बेबीने कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाला आला. मशीनची करवत खांद्यावर, तोंडात काडी. झाड बघून त्याने नाक मुरडलं. "काकू, घराजवळचं झाड म्हटलं की मला घाम फुटतो. लोक वाटेल ते ठोकतात. खिळे आहेत का?"

"आहेत की. खोडभर आहेत."

"मग साखळीचे दात गेले तर भरून द्यायचे तुम्ही."

मी चुंबक घेऊन गेले. मला जागा माहीत होत्या. कितीतरी खिळे माझ्या डोळ्यांदेखत आत गेले होते. साल त्यांच्यावर कधीच मिटली होती, तरी गाठी दिसत होत्या. एका गाठीवर चुंबक धरला. सुतळी सरळ. दुसऱ्या गाठीवर धरला, सरळ. खोडाला पूर्ण फेरी मारली. एकदाही सुतळी हलली नाही.

"चेष्टा करता होय काकू?" करवतवाला म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

लोण्यातून सुरी जावी तशी करवत गेली. खोडाचे ओंडके झाले, एकदाही ठिणगी उडाली नाही. मग तो खालच्या आडव्या फांदीकडे वळला आणि साखळी किंचाळली. दात तुटून कुंपणावर आपटला. फांदीच्या पोटात लोखंडी आकडा होता, अंगठ्याएवढा जाड. बेबीचा झोपाळा टांगायला ह्यांनी फिरवून बसवलेला. ती तेव्हा जेमतेम चालत होती. तिला खांद्यावर बसवून, शीळ घालत, आनंदात बसवला होता. झोपाळा तुटून जमाना झाला, आकडा जागच्या जागी होता.

"खिळे खोडात म्हणालात, आणि फांदीत हे काय निघालं?" करवतवाला वैतागला.

"ते खिळ्यांतलं नाही," मी म्हटलं.

लाकूड फोडायचं काम माझं. ह्यांची पाठ धरते, त्यामुळे कुऱ्हाड, पाचर आणि घण माझ्या नशिबी. तुतीचं लाकूड आतून पिवळंधमक असतं. पहिल्या ओंडक्याला पाचर लावली, घण घातला, ओंडका उभा उकलला. पिवळ्या लाकडात निळाकाळा डाग. असा डाग मी ओळखते. लोखंड लाकडात मुरलं की त्याच्याभोवती शाई सांडल्यासारखा पसरतो. डागाच्या मधोमध खिळा असतो, नेहमी असतो. इथे खिळ्याची जागा होती. टोकाला निमुळती, वर डोक्यापुरती रुंद. आत काही नव्हतं.

मी भोकात काडी घातली. काडी चार बोटं आत गेली. गंज नाही, भुसा नाही. आणि भोकाच्या तोंडावर बोटभर जाड लाकूड वाढलेलं, त्यावर साल. बाहेरून कुणी पकड घालून काढायचा म्हटला तरी निघाला नसता.

पुढचा ओंडका, पुन्हा तेच. त्याच्या पुढचा फोडला तर एकाच उकलीत शेजारी शेजारी डाग, वेगवेगळ्या खोलीवर. ज्या वर्षी ह्यांचं भागीदाराशी बिनसलं त्या वर्षीचे असावेत, तेव्हा रोज एक जात होता. सगळ्या जागा रिकाम्या.

हे पाहायला आले. चिरफळी उचलून उलटसुलट केली. "कुणी काढले?"

"कोण काढणार?"

"माझे खिळे होते ते," हे म्हणाले. कुणी गल्ल्यात हात घातल्यासारखा चेहरा. मला हसू आलं, ते मी पदराआड गिळलं. आयुष्यभराची कमाई गेली म्हणायची.

फोडलेलं थोडं लाकूड त्याच दिवशी भट्टीत गेलं. दुपारी राख चाळली, चुंबक फिरवला. काहीच नाही. चुंबक खुंटीवर अडकवायला मी भट्टीपाशी आले. बेबी तिथेच ठेंगण्या स्टुलावर बसली होती, भट्टीकडे पाठ करून, डोळे मिटून. मी तिच्या मागून हात लांबवला आणि सुतळी तिरकी झाली.

वाटलं, भट्टीच्या दाराकडे ओढ घेतोय. पण दार डावीकडे होतं. चुंबक उजवीकडे, खाली ओढत होता, माझ्या लेकीच्या खांद्याकडे.

मी एक पाऊल मागे सरकले. सुतळी सरळ झाली. पुन्हा पुढे झाले, पुन्हा तिरकी.

"काय गं आई?"

"काही नाही. स्वेटर काढ बघू. पाठ शेकते."

तिने स्वेटर काढला. पाठीवर ते डाग होतेच. वाटाण्याएवढे, निळेकाळे. मी त्यांना जन्मखुणा समजत आले होते. सगळे जन्माचे नव्हते हे आईला कळायला नको का? पण दर वेळी एखादाच वाढायचा, आणि मला तेव्हा पाव बघायचे असायचे. आता सगळे एकदम दिसले. सकाळपासून तोच रंग मी कुऱ्हाडीने उघडत होते.

मी चुंबक खाली सोडला. तो खांद्याच्या हाडाजवळ टक्कन चिकटला.

बेबीने श्वास आत ओढला. "आतून काहीतरी वर आलं, आई."

तिच्यापासून लपवून काय करणार होते? चिरफळी आणली, तिच्या मांडीवर ठेवली, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने माझ्या हातातला चुंबक घेतला आणि स्वतःच स्वतःवरून फिरवला. लाकडावरून फिरवतात तसाच, सावकाश. दंडावर चिकटला. सोडवला. बरगडीवर चिकटला. गुडघ्यामागे चिकटला.

तिने चुंबक माझ्या हातात परत दिला.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते," ती म्हणाली. आणि हसली. अगदी सुटल्यासारखं हसली.

"सोमवारी जायचं नाही," मी म्हटलं. "त्या बोगद्यात तर मुळीच नाही."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. हसू गेलं. "मग मला बरं कोण करणार, आई?"

ह्यांनी दुकानातून नेमकं एवढंच ऐकलं. पिठाचे हात पुसत आत आले. "जायचं नाही म्हणजे? गाडी सांगून ठेवलीय मी. आता काय नवीन?"

इतकी वर्षं गप्प बसले होते, त्या दिवशी बसवेना. "तुमचे खिळे शोधत होतात ना? सापडले." मी चुंबक बेबीच्या खांद्याला लावला आणि हात काढून घेतला. चुंबक तिथेच राहिला. सुतळी खाली लोंबत होती.

ह्यांनी पाहिलं. चुंबक पाहिला, चिरफळीवरचा डाग पाहिला. मला वाटलं, आता बसतील, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतील. वेडी मी. आशा काही सुटत नाही माणसाची.

ओठ मिटले. कानशिलावरची शीर उडायला लागली.

"माझ्यावर ढकलताय? मी कधी हात लावला हिला?"

"नाही," बेबी म्हणाली. "हात कधीच नाही लावलात, बाबा."

हे वळले आणि फळीवरून डबा काढला.

"अहो, नका," मी म्हटलं. "आज नका."

मागचं दार उघडलं. मी चुंबक ओढून घेतला आणि मागोमाग धावले. झाड नव्हतं, जमिनीलगतचा बुंधा होता, ताजा कापलेला, पिवळा. हे गुडघ्यावर बसले. खिळा मधोमध धरला.

ठक्.

मी दंड धरला. त्यांनी झटकला.

ठक्. ठक्.

डोकं लाकडाला टेकलं. हे धापा टाकत होते.

मी सुतळी सोडली. चुंबक बुंध्यावर, बरोबर त्या जागेवर आणला.

सुतळी सरळ.

खाली वाकले. भोक होतं. कडा ओल्या होत्या. आत अंधार.

ह्यांनी भोकावर अंगठा ठेवला. चाचपलं. त्यांना कळलं, हे मी शपथेवर सांगते. क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला, की मी तो कधी पाहिला नव्हता.

मग म्हणाले, "बुंधा कुजलाय." आणि दुसरा खिळा घ्यायला डब्यात हात घातला.

मी डबा हिसकावला. तेवढ्यात आतून बेबीची हाक आली. आवाज शांत होता.

"आई, जरा ये गं. आता इथे."

तिची बोटं गळ्याखालच्या खळगीवर होती.

हातोडा मी त्याच दिवशी भट्टीत टाकला. दांडा जळाला, डोकं राखेतून काढून विहिरीत सोडलं. डबा माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली, कुलुपात, आणि किल्ली माझ्या कमरेला. हॉस्पिटलला मीच फोन केला. त्यांनी विचारलं, शरीरात कुठला धातू आहे, कुठलं ऑपरेशन झालंय? मी म्हटलं, ऑपरेशन नाही झालं. एक्स-रेत दिसतं का? नाही दिसत. मग घेऊन या की, काय हरकत आहे? मी फोन ठेवला. सोमवार गेला.

बेबी आता इथेच असते. घास गिळताना थांबते, मानेवर हात ठेवते, मग पुढे खाते. आणि मी ह्यांना जपते. चहा वेळेवर, वर्तमानपत्राची घडी न मोडलेली, विनोदाला हसायचं, रेडिओ त्यांच्या आवडीचा. नव्या नवरीने सांभाळली नसेल इतकी मर्जी सांभाळते. लेकीच्या गळ्याखालच्या खळगीत आता किती जागा उरली आहे ते मला माहीत आहे. हे मला काही म्हणत नाहीत. बेबीला नाटककंपनी म्हणणंही सोडलंय. हातोडा कुठे आहे, एकदाही विचारलं नाही. परवा शेजारीण म्हणाली, "हल्ली तुमच्याकडे ठोकाठोकी ऐकू येत नाही हो. निवळले वाटतं." मी म्हटलं, निवळले.

आज दुपारी वाळलेले कपडे कपाटात लावत होते. पुढे दुकानात कुणी गिऱ्हाईक पाव परत घेऊन आलं होतं. खालून करपलाय म्हणत होतं, चार लोकांत, जरा चढ्या आवाजात. हे म्हणाले, "माफ करा, बदलून देतो." अगदी गोड बोलले. इथून त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

माझ्या हाताखाली, साड्यांच्या खाली, डब्यात बारीक आवाज झाला. ढिगाच्या तळातला एक खिळा ओढून घेतला की वरचे जसे खाली बसतात, तसा.

शेजारच्या खोलीत बेबी काहीतरी गुणगुणत होती, ती थांबली.